ताशी पंचेचाळीस मैल

ब्लू रिज पार्कवेवर ताशी ४५ मैलांच्या, म्हणजे साधारण ७२ किलोमीटरच्या वर गाडी पळवायला बंदी आहे. काही टप्प्यांत तर त्याहूनही कमी. अशा रस्त्यावर आम्ही स्पोर्ट्‌स कार घेऊन निघालोय हे कळल्यावर आमच्या महाराष्ट्र मंडळाची चांगली करमणूक झाली. "मग मिनीव्हॅनच न्या की, निदान पाय तरी पसरता येतील," असा पोक्त सल्लाही मिळाला. स्पोर्ट्‌स कार म्हणजे वेग, आणि वेग नसेल तर ती गाडी नुसती अडचण, असा एकूण समज. माझं मत नेमकं उलटं आहे.

आधी गाडीबद्दल. माझ्दा मिआटा, १९९२ ची, लाल. दोनच सीट, कापडी टप, पाच गिअर, १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली कुठलीही मिनीव्हॅन हिला आरामात मागे टाकते. मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी मी ती सेकंडहँड घेतली. नवऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली, काही बोलला नाही, आणि संध्याकाळी तिच्या कागदपत्रांची स्वतंत्र फाइल केली. ही त्याची संमती. मी गाडी शिकले पुण्यात, फियाटवर. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असायचा आणि तो टाकताना खांद्यापासून हात हलवावा लागे. मिआटाचा गिअर नुसत्या मनगटाने पडतो. अमेरिकेत वर्षानुवर्षं ऑटोमॅटिक चालवल्यावर डाव्या पायाला पुन्हा काम मिळालं याचाच मला पहिले काही महिने आनंद होता.

या गाडीच्या जन्माची कथाही सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात लोटस एलान, एमजी, ट्रायम्फ अशा छोट्या, हलक्या, उघड्या गाड्या होत्या. चालवायला मोठ्या मजेच्या, आणि त्यांच्या रुसव्याफुगव्यांचे किस्सेही तेवढेच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही जात जवळजवळ संपली. त्याच सुमाराला बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीतले वरिष्ठ इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्यापुढे कल्पना मांडली होती, की तशीच साधी, स्वस्त, दोन माणसांची गाडी पुन्हा करा. पुढे हॉल स्वतःच माझ्दात गेला, यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मिआटा लोकांसमोर आली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याच मॉडेलचा नाही.

कारण ताकद नव्हे, वजन. माझ्या गाडीचं वजन हजार किलोच्या आत आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि भार पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मा निम्मा. त्यामुळे वळणावर ती ना नाक पुढे काढते ना शेपूट फेकते, आणि टायरखाली डांबर आहे की ओली पानं हे स्टिअरिंगमधून तळहाताला कळतं. ताकदवान गाडीत हे कळायला फार जोरात जावं लागतं, आणि तोवर पोलीस तरी येतो नाहीतर कठडा तरी. हिच्यात ते चाळीसलाच कळतं. ज्या रस्त्यावर चाळिसाच्या वर फारसं जायचंच नाही, तिथे आणखी काय हवं?

हा रस्ता ४६९ मैलांचा, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर. व्हर्जिनियात शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण टोकाला, रॉकफिश गॅपपाशी तो सुरू होतो आणि अॅपलाचियन पर्वताच्या कण्यावरून नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी गावापाशी, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी संपतो. शून्यापासून ४६९ पर्यंत मैलाचे दगड आहेत आणि सगळे पत्ते त्यांवरूनच सांगतात. ट्रकना बंदी, जाहिरातीच्या फलकांना बंदी. सिग्नल नाहीत, आणि मुख्य म्हणजे एकही पेट्रोल पंप नाही. पेट्रोलसाठी खाली एखाद्या गावात उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. २०२३ मध्ये इथे दीड कोटीहून अधिक भेटींची नोंद झाली. त्यातल्या पुष्कळशा ऑक्टोबरात, पानं रंग बदलतात तेव्हा. आम्हीही त्याच गर्दीतले, त्याच वर्षीचे.

सामानाचा प्रश्न गाडीनेच सोडवला. डिकीत स्टेपनी आणि बॅटरी आधीच बसलेली असते, त्यामुळे उरलेल्या जागेत दोन मऊ पिशव्या कोंबता येतात, बॅग नाही. भडंग, चकल्या आणि थर्मास नवऱ्याच्या पायाशी. नकाशा त्याच्या मांडीवर, कारण डोंगरात फोनला रेंज नसते आणि त्याला कागदी नकाशा उघडायला निमित्तच हवं असतं. टप काढायच्या आधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडायची, मग पुढच्या काचेवरच्या दोन कड्या सोडायच्या आणि टप मागे लोटायचा. सीटवरून न उठता होतं. सकाळी गारठा असायचा. टप उघडा आणि हीटर पूर्ण चालू, अशी आमची वहिवाट. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

पहिला टप्पा झाडांच्या बोगद्यातून जातो. ओक, मेपल, हिकरी. एकेकाळी यात चेस्टनट सर्वांत जास्त असे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक परदेशी बुरशी सापडली आणि पुढच्या अर्धशतकात तिने या झाडांचं जवळजवळ निर्मूलन केलं, मेलेल्या झाडांचा हिशेब अब्जांत आहे. आज जे "आदिम" जंगल दिसतं ते म्हणजे चेस्टनट गेल्यावर जागा भरून काढणाऱ्यांचं जंगल. जेम्स नदीपाशी रस्ता सर्वांत खाली, ६४९ फुटांवर उतरतो. पुढे नॉर्थ कॅरोलायनात तो ६,०५३ फुटांपर्यंत चढतो. या फरकामुळे रंगांचा हंगाम इथे महिनाभर चालतो: शिखरांवर पानं झडून गेलेली असतात तेव्हा खाली नदीकाठी झाडं अजून हिरवी. एका दिवसात आम्ही हिवाळ्यातून उन्हाळ्याच्या शेवटाकडे आणि परत असे खालीवर करत होतो.

आणि तो निळेपणा. दूरच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात, ते धुकं नसतं. ओकसारखी झाडं आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात, त्याची हवेत रासायनिक क्रिया होऊन बारीक कण तयार होतात आणि ते निळा प्रकाश विखुरतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे डोंगर सुरुवातीला जरा मिळमिळीत वाटतात, हे मोकळेपणाने सांगते. आपल्याकडे बेसॉल्टचे काळे थर, ताशीव कडे, वर सपाट माथे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. इथले खडक काही ठिकाणी शंभर कोटी वर्षांहून जुने, आणि डोंगर इतका काळ झिजलेत की त्यांना कोपराच उरलेला नाही. दुसऱ्या दिवशी ते आवडायला लागतात.

खुल्या गाडीचा एक तोटाही सांगायला हवा. मिआटात माणूस जवळजवळ जमिनीवर बसतो, आणि या रस्त्याच्या कडेचे दगडी कठडे नेमके डोळ्यांच्या उंचीला येतात. एसयूव्हीवाल्यांना दरी दिसते, आम्हाला भिंत. भिंत मात्र पाहण्याजोगी आहे. यातलं बरंच काम इटालियन आणि स्पॅनिश गवंड्यांच्या हातचं. नवरा एका थांब्यावर उतरून दगडांचे सांधे तपासत बसला, तेव्हा मागच्या गाडीतल्या बाईंनी काळजीने विचारलं, काही हरवलंय का.

हा रस्ता गरजेपोटी झालेला नाही. १९३० च्या दशकातल्या महामंदीत लोकांना काम द्यायचं होतं, आणि दोन राष्ट्रीय उद्यानं जोडायची होती. ११ सप्टेंबर १९३५ रोजी दोन राज्यांच्या सीमेजवळ, कम्बरलंड नॉबपाशी काम सुरू झालं. आखणीचा प्रमुख होता स्टॅन्ली अॅबट, पंचविशीतला तरुण, आणि तो रस्त्यांचा इंजिनिअर नव्हता, निसर्गरचनाकार होता. स्टिअरिंग हातात असलं की हे पावलोपावली जाणवतं. इंजिनिअरचा घाट अंतर कापतो; हा रस्ता आधी दृश्य ठरवतो आणि मग तिथे कसं पोचायचं ते पाहतो. वळण संपता संपता बरोबर समोर शिखर येतं. कुरण उघडतं ते डाव्या हाताला, म्हणजे चालवणाऱ्यालाही दिसेल असं. काही वळणं मात्र लबाड आहेत, आत शिरल्यावर आणखी आवळत जातात, आणि मोटरसायकलवाले तिथेच फसतात. तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक वळणाआधी आटोपून, मग हळूच अॅक्सिलरेटर देत बाहेर पडायचं. चाळीस मैलांच्या वेगातसुद्धा याला पूर्ण लक्ष लागतं.

पण हे देखणेपण निवडून, गाळून केलेलं आहे. त्याचा पुरावा १७६ व्या मैलावर आहे. मेब्री मिल ही पार्कवेवरची बहुधा सर्वांत जास्त छायाचित्रित जागा: तळं, लाकडी पाणचक्की, तळ्यात तिचं प्रतिबिंब. एड मेब्री या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभारली. धान्य दळायचं, लाकूड कापायचं, लोहारकामही. तो आणि त्याची बायको शेजारीच राहत, फळ्यांच्या दुमजली घरात. उद्यान खात्याने जागा घेतल्यावर ते घर पाडलं आणि दुसरीकडून आणलेलं ओंडक्यांचं जुनं खोपट तिथे बसवलं. डोंगरातला माणूस म्हणजे ओंडक्यांच्या झोपडीत राहणारा, हे शहरी पाहुण्याच्या मनातलं चित्र बिघडू नये म्हणून. मेब्री पैसे कमावून बरं घर बांधून राहत होता, हे चित्रात बसत नव्हतं. मला ही गोष्ट कळल्यापासून तळ्यातलं प्रतिबिंब नीट बघवत नाही. नवऱ्याचं म्हणणं, "अगं, आपल्याकडे वाड्यांची हॉटेलं करताना काय वेगळं करतात?" ते खरंच, पण म्हणून खोपट खरं होत नाही. तिथल्या उपाहारगृहातले बकव्हीटचे पॅनकेक मात्र उत्तम. बकव्हीट म्हणजे आपल्या उपासाच्या दुकानात मिळणारा कुट्टू.

नॉर्थ कॅरोलायनात शिरल्यावर रस्ता चढतो आणि वळणं दाट होतात. डेनिमच्या कापडावर श्रीमंत झालेल्या मोझेस कोनचा पांढरा बंगला लागतो. बंगल्यापेक्षा त्याच्या व्हरांड्यातून दिसणारं तळं जास्त लक्षात राहतं. मग ३०४ व्या मैलावर लिन कोव्ह व्हायाडक्ट. हा पूल मला सगळ्या पार्कवेत सर्वांत आवडतो.

१९६० च्या दशकात हा रस्ता जवळजवळ पूर्ण झाला होता, फक्त ग्रँडफादर माउंटनपाशी साडेसात मैलांची फट राहिली होती. उद्यान खात्याला रस्ता डोंगरावर उंचावरून न्यायचा होता. डोंगराचा मालक ह्यू मॉर्टन म्हणाला, माझ्या डोंगराची चिरफाड करू देणार नाही. वाद कित्येक वर्षं चालला आणि शेवटी मधली वाट ठरली. त्या वाटेवर घरांएवढ्या दगडांचा उतार आहे. नेहमीसारखा रस्ता कोरायचा तर ते सगळे फोडावे लागले असते. म्हणून तिथे उताराला न चिकटता, त्याच्यापासून अलग उभा राहणारा पूल करायचं ठरलं. १,२४३ फूट लांब, एस अक्षरासारखा दोन्हीकडे वळणारा, १५३ काँक्रीटच्या तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा सुमारे ५० टनांचा आणि आकाराने वेगळा. त्यातला एकच सरळ. बांधकामासाठी खाली रस्ता काढायचा नाही अशी अट, त्यामुळे पूल स्वतःवरूनच पुढे सरकत गेला: तयार झालेल्या भागावरून पुढचा तुकडा आणायचा, टोकाला जोडायचा, तारांनी ताणायचा, मग त्यावरून पुढचा. खांबसुद्धा वरूनच खाली उतरवले. काँक्रीटमध्ये लोहाचं ऑक्साइड मिसळलं, म्हणजे रंग शेजारच्या खडकांशी जुळेल. पूल १९८३ मध्ये झाला आणि पार्कवेचा हा शेवटचा दुवा ११ सप्टेंबर १९८७ रोजी खुला झाला. कामाला सुरुवात झाली त्याच तारखेला, बावन्न वर्षांनी.

त्यावरून जायला मिनिटसुद्धा लागत नाही. डावीकडे हवा, उजवीकडे डोंगर, आणि रस्ता डोंगराच्या अंगावरून वळतोय पण त्याला टेकत नाही. मी एकदा गेले, पुढे जागा मिळताच वळून परत आले, पुन्हा गेले. मग नवऱ्याने स्वतः स्टिअरिंग मागितलं, जे तो सहसा करत नाही. पलीकडच्या वाहनतळावरून एक पायवाट पुलाखाली जाते. खालून पाहिल्याशिवाय हा पूल कळत नाही.

३५५ व्या मैलाला माउंट मिचेलचा फाटा. ६,६८४ फूट, म्हणजे २,०३७ मीटर. मिसिसिपीच्या पूर्वेला अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हे तिच्याहून जवळजवळ चारशे मीटरनी उंच, आणि गाडी थेट माथ्याजवळ जाते. एलायशा मिचेल हे विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी १८३५ मध्ये इथली उंची मोजून हेच सर्वांत उंच असं जाहीर केलं. पुढे त्यांचाच माजी विद्यार्थी, राजकारणी टॉमस क्लिंगमन याच्याशी त्यावरून जाहीर भांडण जुंपलं. आपलं माप तपासायला मिचेल १८५७ मध्ये पुन्हा डोंगरात गेले आणि एका धबधब्यापाशी कोसळून वारले. त्यांची कबर शिखरावरच आहे. क्लिंगमनचंही नाव दुसऱ्या एका शिखराला दिलं गेलं, ते ६,६४३ फुटांचं. मिचेलहून ४१ फूट कमी. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या शिखराला कुवोही हे मूळ चेरोकी नाव परत मिळालं. म्हणजे प्राध्यापक उंचीतही जिंकले आणि नावातही टिकले. माथ्यावर करडी, वाळलेली खोडं उभी दिसतात: फ्रेझर फरची, परदेशातून आलेल्या एका किड्याने मारलेली.

इथून पुढच्या प्रदेशाबद्दल आज वाचणाऱ्याने सावध राहायला हवं. आम्ही गेलो त्याच्या पुढच्या वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरअखेरीला, हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायना धुऊन नेलं. अॅशव्हिल शहरात हाहाकार झाला आणि पार्कवेवर पन्नासहून जास्त ठिकाणी दरडी कोसळल्या, काही जागी तर खालचा डोंगरच गेला. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होते आहे. निघण्यापूर्वी नॅशनल पार्क सर्व्हिसचा कुठला मैल खुला, कुठला बंद हे दाखवणारा तक्ता बघितल्याशिवाय हॉटेल ठरवू नये.

अॅशव्हिलच्या दक्षिणेला बोगदे येतात. संपूर्ण पार्कवेवर २६ बोगदे, त्यातले २५ नॉर्थ कॅरोलायनात. आत दिवे लावावे लागतात, आणि माझ्या गाडीचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात. बटण दाबलं की उघडून वर येतात. प्रत्येक बोगद्यापाशी ही उघडझाप. समोरून येणारी पोरं हात करतात. टप उघडा असल्यामुळे इंजिनचा आवाज दगडांवर आपटून परत येतो आणि ११६ अश्वशक्ती तेवढ्यापुरती तिप्पट वाटते. ४३१ व्या मैलावर रिचलंड बाल्सम, रस्त्याचा सर्वोच्च बिंदू. पाटीसमोर फोटो काढणाऱ्यांची रांग होती, आम्ही थांबलो नाही.

शेवटच्या काही मैलांत रस्ता चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या जमिनीतून जातो. १८३८ मध्ये या लोकांना सक्तीने पश्चिमेला हाकललं, हजारो वाटेत मेले. जे डोंगरात टिकून राहिले त्यांच्या वंशजांपुढे शंभर वर्षांनी सरकार पुन्हा जमीन मागायला आलं, या वेळी रस्त्यासाठी. ते अडून बसले. दरीतली सुपीक जमीन द्यायला त्यांनी नकार दिला आणि रस्ता वर कड्यावरून न्यायला लावला. म्हणजे आज आम्ही ज्या शेवटच्या दृश्यांचं कौतुक करत होतो, ती चेरोकींच्या नकारामुळे मिळालेली. चेरोकी गावातल्या पाट्या सिक्वोया या चेरोकी माणसाने १८२१ च्या सुमारास घडवलेल्या लिपीत आहेत, एका अक्षरचिन्हाला एक उच्चार. आमच्या बाराखडीची सवय असलेल्या नवऱ्याने संग्रहालयातल्या तक्त्यावरून आपलं नाव लिहून पाहिलं आणि ते बसलंही.

इतक्या जवळ आलोच होतो म्हणून टेल ऑफ द ड्रॅगनही केला. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवरचा हा रस्ता, ११ मैलांत ३१८ वळणं. मोटारवेड्यांची ही पंढरी; मिआटावाल्यांचा मोठा मेळावाही या परिसरात दर वर्षी भरतो. वळणावळणावर छायाचित्रकार बसलेले, आपला फोटो काढून नंतर विकणारे. डील्स गॅपला एका झाडावर पडझड झालेल्या मोटरसायकलींचे तुकडे टांगून ठेवलेत. गाडीने ते अकरा मैल अप्रतिम कापले आणि मला त्यातलं एकही झाड आठवत नाही. मागे चिकटलेल्या बाईकवाल्याला वाट द्यायची, समोरून वळण कापत येणाऱ्याला चुकवायचं, यातच वेळ गेला. नवऱ्याला भयंकर आवडलं. त्याला पुन्हा जायचं होतं.

त्याऐवजी मी गाडी चेरोहाला स्कायवेकडे वळवली. रॉबिन्सव्हिलपासून टेनेसीतल्या टेलिको प्लेन्सपर्यंत ४३ मैल, पाच हजार फुटांच्या वर चढणारा आणि १९९६ मध्ये पूर्ण झालेला. वळणं मोठी, लांब, मोकळी. तिसरा आणि चौथा गिअर, क्वचित दुसरा. गर्दी पार्कवेच्या दहाव्या हिश्श्याचीही नसेल. ज्यांच्याकडे मोजकेच दिवस आहेत आणि चालवायला आवडणारी गाडी आहे, त्यांनी लिन कोव्ह ते माउंट मिचेल हा पट्टा खुला असेल तर तो आणि हा स्कायवे, एवढं केलं तरी चालेल. पेट्रोल रॉबिन्सव्हिललाच भरून घ्यावं, मध्ये पंप नाही.